आरशाचं कोपर

२८ ऑक्टोबर

दांडगोबास,

आशीर्वाद नंतर, आधी शिव्या. वहिनीचं पत्र आलं. ट्रकच्या ड्रायव्हरचे दोन दात पाडलेस आणि लाकडाच्या गिरणीतून महिनाभर घरी बसवलंय तुला. का, तर ट्रक मागे घेताना त्यानं तुझा डबा चिरडला. वहिनी लिहिते की आता तू गच्चीच्या कठड्याला बुक्क्या मारतोस. शाबास. कठड्याचे किती दात पडले ते कळव.

तुझ्या आजोबांचा हात असाच होता. माझा एक कान त्याच हातानं गेला. कसा गेला ते तुला कधी सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. दुसऱ्याचंही आता खरं नाही, म्हणून फोन सोडून हे कागद काळे करायचे. तुझ्या बापाचा हातही तोच. तो गेला तेव्हा वहिनीच्या पाठीवरचे वळ जायला लागले, असं म्हटलं तर तुला राग येईल. येऊ दे.

आपल्या घरातल्या हातांना काम लागतं, नाहीतर ते माणसांवर पडतात. मी चाळीस वर्षं चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासली ती काही हौस म्हणून नाही. सोबतच्या पेटीत माझ्या हातची दुर्बीण आहे. तीन पायांचा घोडा, नळी, दोन छोटी भिंगं आणि नळीच्या मागच्या टोकाला बसवायचं आरशाचं कोपर. डोक्यावरचं बघताना मान मोडू नये म्हणून ते कोपर. त्यात वरून वाकून बघायचं. भिंग शर्टानं पुसलंस तर मी स्वतः येऊन तुझे दात पाडीन.

आधी आठवडाभर नळीला हात लावू नकोस. संध्याकाळी गच्चीवर नुसता बस, वीस मिनिटं, दिवे मालवून. डोळे अंधाराला सरावतात तेव्हा कुठे आकाश बोलायला लागतं. मग दिवसाउजेडी लांबच्या पाण्याच्या टाकीचं टोक धर आणि भिंग मागेपुढे करून स्पष्ट करायला शीक. सूर्याकडे चुकूनही नाही, डोळा जागच्या जागी जळेल. मग चंद्र. चंद्राचं चित्र काढ, तारीख-वेळ घाल आणि मला पाठव. एक नियम पाळायचा: दिसलं तेच काढायचं, माहीत आहे ते नाही.

बाकीचं पुढच्या पत्रांत. एकदम सगळं सांगितलं तर तू काहीच वाचणार नाहीस, ओळखते मी तुला.

तुझी बहिरी आत्या

१२ नोव्हेंबर

आत्या,

तुझी नळी मी दोनदा गच्चीवरून खाली फेकणार होतो. दोन्ही वेळा आई मध्ये पडली.

आठवडाभर नुसता बसलो. डास चावले, आकाश काही बोललं नाही. मग टाकीचं टोक धरलं, ते जमलं. पण चंद्र नुसती चीड आणतो. नळी एकीकडे ढकलावी तर तो भलतीकडेच पळतो. डावीकडे आणायला जातो, उजवीकडे निसटतो. घोड्याला एक लाथ घातली. पाय मोडला नाही, माझं बोट सुजलं.

चौथ्या दिवशी सापडला. आत्या, काय आहे गं ते. तोंडभर खड्डे, कडेला काळ्या सावल्या, मार खाल्लेलं थोबाड असतं ना तसं. मी किती वेळ बघत होतो माहीत नाही. उठलो तेव्हा हात सैल पडले होते, दोन्ही. असे कधी पडत नाहीत.

गिरणीच्या फाटकावरचा पहारेकरी म्हातारा आमच्याच गल्लीत राहतो. बाप गेला तेव्हा मला गिरणीत त्यानंच चिकटवलं. त्याला वर बोलावून दाखवला. बराच वेळ वाकून बघितलं त्यानं आणि म्हणाला, "याला कुणी इतकं बदडलं रे?" आता रोज कामावर जायच्या आधी येतो, रात्रपाळी असते त्याची.

मला मुकादमानं लवकर परत घेतलं. करवतीवरच्या एकाची दोन बोटं गेली म्हणून. भुशात सापडली नाहीत. करवतीच्या पलीकडच्या टोकाला डावऱ्या असतो. चाळीस जणांत तो एकटाच डावखुरा. तो ओंडका ढकलतो, मी ओढतो. तीन वर्षांत तीस शब्द बोलला नसेल. ओंडके ओढायचे लोखंडी आकडे आम्ही सगळे एका खुंटीवर टांगतो, त्याचा वेगळा, त्याच्या हाताला वळवून घेतलेला. शिष्ट आहे लेकाचा. परवा पहारेकऱ्यानं उशीर झाला म्हणून त्याला फाटकात अडवलं तर चांगली जुंपली दोघांची.

चित्र पुढच्या वेळी. माझं चित्र म्हणजे कोंबडीनं पाय पुसल्यासारखं.

दांडगोबा

२० नोव्हेंबर

दांडगोबास,

घोड्याला लाथ मारलीस ते वाचून मी एकटीच हसत बसले. चंद्र भलतीकडे पळतो तो सगळ्यांचाच पळतो. सवयीनं हाताला कळतं, त्याचा बाऊ करू नकोस.

हात सैल पडले हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुझ्या बापाला कुणी वेळेवर नळी दिली असती तर, असं मनात आलं. जाऊ दे.

चित्र हवंच. कोंबडीचं चालेल. पुढचा अर्धा चंद्र आठ डिसेंबरच्या आसपास आहे. अर्ध्यावर सावल्या लांब पडतात, खड्डे उठून दिसतात. दिवेलागणीलाच लाव, काळोखाची वाट बघायची गरज नाही. आणि त्या म्हाताऱ्याला म्हणावं, आमच्यातर्फे नमस्कार. बदडणारे दगड होते म्हणावं, मोठमोठे, आभाळातून आलेले. कुणाचा राग नव्हता त्यात.

आत्या

११ डिसेंबर

आत्या,

पहारेकरी गेला. मारला त्याला.

आठ तारखेला दिवेलागणीला मी नळी लावली. चित्र काढलं, सोबत आहे, नियम पाळलाय. पहारेकरी आला नाही, तो लवकर कामावर गेला होता. चित्र झालं, उजेड होता थोडा, म्हणून चाळा म्हणून नळी खाली केली आणि गिरणीचं मागचं आवार धरलं. आवारातला मोठा दिवा लागला होता. गोल भोकात दोनच माणसं मावत होती. एक पहारेकरी, तोंड माझ्याकडे. दुसऱ्याची पाठ. तोंडाला फडकं, ते तर भुशापायी आम्ही सगळेच बांधतो. आवाज काहीच नाही, आत्या. चंद्र बघावा तसं बघत होतो मी. त्या माणसाचा डावा हात वर गेला, हातात आकडा होता, आणि तो म्हाताऱ्याच्या मानेत गेला. उजव्या बाजूला. त्यानं ओढला. ओंडका ओढतात तसा ओढला. म्हातारा दोन पावलं त्याच्याबरोबर चालला आणि मग पडला. एकदा आणखी मारला, पडल्यावर.

मी जिने कसे उतरलो आठवत नाही. गिरणीच्या फाटकात मुकादम भेटला, घामाघूम, म्हणाला आरडाओरडा ऐकून आलोय. मी सांगितलं, मी बघितलं. त्यानं माझे दोन्ही खांदे धरले. म्हणाला, नीट आठव, कुठला हात? मी म्हटलं डावा. त्यानं विचारलं, नक्की? मी म्हटलं आईशपथ डावा. मग तो म्हणाला, डावा हात गिरणीत एकाचाच आहे.

आम्ही सहा जण गेलो. मुकादम दारात थांबला, आत आम्ही पाच. डावऱ्या जेवत होता. बायकोला दुसऱ्या खोलीत कोंडली. तो म्हणत राहिला, मी घरीच होतो, मी घरीच होतो. मला ते ऐकवेना. त्याच्याच दारातल्या लाकूड फोडायच्या ओंडक्यावर दोघांनी त्याचा डावा हात दाबून धरला. पाचर ठोकायचा घण मी आणला होता. मुद्दाम आणला होता, आत्या, तुझ्यापासून काय लपवू. तीन वेळा मारला. पहिल्यांदा बोटं, दुसऱ्यांदा मधला भाग, तिसऱ्यांदा मनगट. तिसऱ्यांदा तो ओरडला नाही. मग पोलीस आले आणि त्याला उचलून नेलं. आमच्याकडे त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

हात डॉक्टरांनी कापलाय, मनगटाच्या वर. तो आता कैद्यांच्या वॉर्डात आहे. माझी जबानी झाली. डॉक्टरच्या कागदावर म्हाताऱ्याच्या मानेची जखम डावीकडे लिहिलीय. मी सांगितलं उजवीकडे होती. मुकादम म्हणाला, त्या डॉक्टरला स्वतःचं डावं-उजवं कळत नाही. सगळे हसले.

तुझ्या दुर्बिणीनं खुनी पकडला. लोक रस्त्यात मला थांबवून हात मिळवतात. आई मात्र बोलत नाही माझ्याशी. त्या दिवशी घण तिनं धुतला. तू तरी लिही.

दांडगोबा

३० डिसेंबर

भाच्या,

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. सोळा दिवस मी ते उशीखाली घेऊन झोपतेय, म्हणजे झोपत नाहीये. पहिल्या दिवशीच मला कळलं होतं. लिहायला हात धजला नाही. भित्री आहे मी.

तुझं चित्र चांगलं आलंय. दिसलं तेच काढलंस. म्हणूनच सांगते, आता मी म्हणते तेवढं कर आणि तोवर कुणाशी काही बोलू नकोस.

सहा जानेवारीला पुन्हा अर्धा चंद्र आहे. संध्याकाळी गच्चीवर जा. आधी नुसत्या डोळ्यांनी बघ, उजेड कुठल्या अर्ध्यात आहे. मग नळीतून बघ. मग तुझं चित्र शेजारी धर.

तेवढ्यानं पटलं नाही तर दिवसाउजेडी आईला पाण्याच्या टाकीखाली उभी कर. तोंड तुझ्याकडे करून उजवा हात वर करायला सांग. आणि नळीतून बघ, तिनं कुठला हात वर केलाय.

आरशात सगळं उलटं दिसतं, हे लहान पोराला माहीत असतं. कोपरात आरसा आहे. डोकं वर, पाय खाली, सगळं सरळ वाटतं, पण डावं उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. हे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. तू लिहिलं होतंस चंद्र भलतीकडे पळतो म्हणून, तेव्हा तरी लिहायला हवं होतं. मी हसले आणि सवयीनं कळेल म्हटलं. चाळीस वर्षं मी हे काम केलं, भाच्या. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

आत्या

६ जानेवारी

आत्या,

आईनं उजवा हात वर केला. टाकीखाली उभी होती, वाऱ्यात पदर सांभाळत, हात वर धरून. नळीत तिचा डावा हात वर होता. मी नळीवरून डोळा काढला, उजवा. पुन्हा लावला, डावा. पंधरा-वीस वेळा केलं. ती बिचारी हात खाली घेईना, मी खूण केली नव्हती ना.

चंद्र बघायला मग थांबलोच नाही. कोपर काढून फरशीवर आपटलं. आरशाचा एक टवका उडाला, बाकी आहे तसं आहे. मजबूत केलंयस.

तू फोडलास त्याचा हात. तू, म्हातारे. तीन ओळी जास्त लिहायला तुझी शाई संपत होती का? दात पाडीन म्हणून विनोद करायला जागा होती तुला. सोळा दिवस उशीखाली ठेवलंस. सोळा दिवस तो त्या वॉर्डात एक हात नसलेला, पायात बेडी घालून पडलाय, आणि तू झोप लागत नाही म्हणून मला सांगतेस.

घण मी आणला होता. माहीत आहे मला. तीन वेळा मीच मारला. पहिल्यांदा मारला तेव्हा बरं वाटलं होतं, आत्या. हे कुणाला सांगू.

आता मला सगळं कळलंय. मुकादम उजव्या हाताचा आहे. घामाघूम होता. त्यानंच विचारलं कुठला हात. डावा म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल पडला होता, आत्ता आठवतं. पहारेकरी मला म्हणाला होता की मागच्या फाटकानं माल बाहेर जातो आणि मी एक दिवस त्या मुकादमाला रंगेहाथ पकडणार. मला घेऊन गेला तो भडवा, माझ्या हातून त्या गरिबाचा हात फोडून घेतला, आणि दारात उभा राहून बघत होता.

तो बाहेरगावी गेलाय. रविवारी परततो. रविवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी जाणार आहे. आकडा घासून ठेवलाय. मानेत घालणार आणि ओढणार, त्यानं ओढला तसा. पोलीस नको नि कोर्ट नको. हे तुला सांगतोय कारण दुसरं कुणी नाही.

आईला सांभाळ.

९ जानेवारी

भाच्या,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, तो तुझ्या दारात टाकेल. ही बस भरलीय, म्हणून मी पुढच्या, रविवारच्या बसनं येतेय. शिव्या वाचल्या. एकही परत करत नाही, सगळ्या माझ्याच आहेत.

माझा कान कसा गेला ते आज सांगते. मी सोळा वर्षांची होते. शेजारच्या बाईनं येऊन तुझ्या आजोबांना सांगितलं, तुमची पोरगी गच्चीवर एका मुलाला बिलगून उभी होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिनं पाहिलं होतं, खोटं नव्हती बोलत. निळ्या फ्रॉकातली मुलगी पाहिली होती. निळा फ्रॉक माझ्या मैत्रिणीचाही होता. आजोबांनी मला विचारलंसुद्धा नाही. पायातला बूट काढून टाचेनं मारत राहिले. कानातून रक्त आलं तेव्हा थांबले. दुसऱ्या दिवशी खरं कळलं. माफी मागायला लाज वाटली म्हणून मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

आता तू ऐक. तू मुकादमाला आकडा मारताना पाहिलंस का? एक पाठ पाहिलीस आणि एक हात पाहिलास. बाकी सगळं तुझ्या डोक्यातलं आहे. मुकादमच असेल कदाचित, मलाही तसंच वाटतं. पण डावऱ्याच्या वेळीही तुला असंच सगळं कळलं होतं.

जे पाहिलंस तेवढं पोलिसांना सांग. हात उजवा होता. आरशानं फसवलं. आणि डावऱ्याचा हात मी फोडला, घण माझा. तेवढं सांगितलंस तर तो सुटेल. मुकादमाला मारलंस तर तू फासावर जाशील आणि डावऱ्या तसाच आत कुजेल, कारण उजवा हात सांगणारा एकच माणूस आहे आणि तो तू आहेस.

कोपर फेकू नकोस. ते लागेल.

आत्या

५ जून

आत्या,

आजपासून इथे तुरुंगात महिन्यातून एक पत्र लिहू देतात. पहिलं तुला. कोर्टात एवढ्या लोकांपुढे काय बोलणार होतो.

त्या रविवारचं तू कोर्टातही विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. तुझं पत्र मिळालं होतं, खिशात होतं. तरी गेलो. मुकादमाच्या पुढच्या दाराला मोठी काच आहे, आत काळोख होता. दारात उभा राहिलो, आकडा हातात. काचेत मीच उभा. तोंडाला फडकं, आणि आकडा डाव्या हातात. मी उजवा हात बघितला, आकडा त्यातच होता. पुन्हा काचेत बघितलं. किती वेळ उभा होतो कोण जाणे. आतून कुणीतरी दिवा लावला तेव्हा काचेतला मी गेलो, आणि मी पायऱ्या उतरून सरळ पोलीस चौकीत गेलो. आकडा टेबलावर ठेवला. तू पोचलीस तेव्हा मी आत होतो.

तू कोर्टात नळी उभी केलीस, न्यायाधीशबाईंना खिडकीतून समोरच्या रस्त्यावरचा शिपाई दाखवलास, उजवा हात वर कर म्हणून त्याला खुणावलंस, तेव्हा मी खाली बघत होतो. मला माहीत होतं काय दिसणार ते. बाई म्हणाल्या, पुन्हा दाखवा. तुला ऐकू गेलं नाही, तू विचारलंस काय म्हणता, आणि त्या ओरडून म्हणाल्या, पुन्हा दाखवा. तेवढ्यात डावऱ्या हसला. मी त्याला कधी हसताना पाहिलं नव्हतं.

मुकादमाला धरलंय. त्याच्या घरी म्हाताऱ्याची बॅटरी सापडली म्हणतात. मला विचारलं, तूच पाहिलंस ना त्याला? मी म्हटलं, पाठ पाहिली आणि उजवा हात पाहिला. वकील चिडला. चिडू दे.

निकालानंतर मला बाहेर नेत होते तेव्हा डावऱ्या बायकोबरोबर बाकड्यावर बसला होता. मी हात जोडले. तो उठला आणि त्यानं माझ्या तोंडात मारली. उजव्या हातानं. नीट लागली नाही, गालावरून घसरली. त्याला सवय नाही अजून. शिपायानं मध्ये यायच्या आधी त्यानं पुन्हा मारली, ती जरा बरी बसली. मी तसाच उभा राहिलो. आत्या, तो उजव्या हातानं सगळं नव्यानं शिकतोय. जेवायला, सही करायला, मारायला.

दुर्बीण त्याला देऊ का, असं आईनं तुझ्या सांगण्यावरून विचारलं. देऊ नकोस. त्याला माझं काही नको असणार, आणि आपण त्याला विचारायलाही जाऊ नये. ती तुझ्याकडे ठेव. पुढच्या माणसाला दिलीस तर पहिल्याच पत्रात आरशाचं लिही, बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.

माझी खिडकी दक्षिणेच्या बाजूला आहे. दिवे लागायच्या वेळी चंद्र येतो, गजांत. काल अर्धा होता. चित्र पाठवतोय, पेन्सिल आखूड आहे म्हणून पुसट आलंय. नुसत्या डोळ्यांनी बघून काढलंय. उजेड उजवीकडे आहे. पुन्हापुन्हा बघितलं. उजवीकडेच आहे.

दांडगोबा